पुरुषांच्या लघवीच्या तक्रारी: तातडी ओळखण्यापासून तपासण्यांपर्यंतचा योग्य क्रम

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला रात्री तीन-चार वेळा लघवीसाठी उठावे लागू लागले की बहुतेक घरांत एकच क्रम घडतो. वर्षभर ‘वयोमानाने होतेच’ म्हणून दुर्लक्ष केले जाते, मग कोणीतरी सुचवलेला काढा किंवा मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी सुरू होते, मग एखाद्या लॅबच्या पॅकेजमध्ये पीएसए, म्हणजे मूत्राशयाखालील प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित रक्ततपासणी, केली जाते, त्या आकड्याने घरचे घाबरतात आणि शेवटी युरॉलॉजिस्टकडे जाणे होते. तेथे पहिला प्रश्न येतो, ‘दिवसातून किती वेळा लघवीला जाता आणि दर वेळी किती होते?’ याचे उत्तर मात्र कोणाकडेच नसते. क्रम उलटा झाल्यामुळे पैसे जातात, वेळ जातो आणि कित्येकदा जी तक्रार त्याच रात्री रुग्णालयात नेण्यासारखी असते ती आठवडाभर घरी राहते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत.

टप्पा १: आधी तातडी ठरवावी

नोंदी, तपासण्या आणि भेटीची वेळ या सर्व गोष्टी नंतरच्या आहेत. पुढील परिस्थितींत फोनवर सल्ला घेत न बसता थेट रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. वाहन नसेल तर महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

पहिली परिस्थिती मुलांची आहे आणि तीच सर्वांत जास्त चुकते. साधारण १२ ते १८ या वयात, कधी त्यानंतरही, अंडकोशाच्या एका बाजूला अचानक तीव्र कळ येणे, सोबत मळमळ किंवा उलटी होणे, हे वृषणाला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. पीळ पडला की वृषणाचा रक्तपुरवठा बंद होतो. दुखणे सुरू झाल्यापासून साधारण ६ तासांच्या आत शस्त्रक्रियेने पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचते, त्यानंतर प्रत्येक तासाने ती शक्यता घटत जाते. मुलगा संकोचाने ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगतो, घरचे अ‍ॅसिडिटीचे औषध देतात आणि रात्र निघून जाते. त्यामुळे अचानक पोट दुखून उलट्या होणाऱ्या मुलाला ‘खाली कुठे दुखतंय का?’ असे वडिलांनी किंवा मोठ्या भावाने बाजूला घेऊन स्पष्टपणे विचारावे. ‘सूज आहे, प्रतिजैविक घ्या, सकाळी सोनोग्राफी करू’ असा सल्ला मिळाला तरी त्यावर न थांबता, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे.

दुसरी परिस्थिती लघवी तुंबण्याची. लघवीची तीव्र भावना आहे, ओटीपोट फुगून दुखते आहे आणि थेंबही येत नाही, अशा वेळी आणखी पाणी पाजणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण बाहेर पडण्याची वाटच बंद झालेली असते. येथे नळी, म्हणजे कॅथेटर, घालावी लागते. नळी घातल्यावर सुरुवातीला किती मिलिलिटर लघवी निघाली तो आकडा केसपेपरवर लिहून घेण्याची विनंती करावी. पुढील उपचार ठरवताना तो उपयोगी पडतो आणि नंतर तो कोणालाच आठवत नाही.

तिसरी, मूतखड्याच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप येणे. खडा अडकला आहे आणि वर साचलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला आहे, असा याचा अर्थ असू शकतो आणि त्यात रुग्णाची प्रकृती काही तासांत खालावते. चौथी, ४ तासांहून अधिक काळ टिकलेली, वेदनादायक आणि लैंगिक इच्छेशी संबंध नसलेली शिश्नाची ताठरता. पाचवी, मागे सरकवलेली शिश्नाची कातडी पुन्हा पुढे न येता अडकून सुजणे. सहावी, लघवी तुंबण्याबरोबर पायांत कमजोरी किंवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणे. ही शेवटची तक्रार मणक्यातील मज्जातंतूंवर दाब आल्याची असू शकते.

इशारा: सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन ही द्रव्ये असतात. ज्यांची धार आधीच बारीक झाली आहे, त्यांची लघवी अशा एखाद-दोन गोळ्यांनीही तुंबू शकते. लांबचा प्रवास, मद्यपान आणि बद्धकोष्ठता ही इतर नेहमीची कारणे आहेत.

टप्पा २: दुखत नाही म्हणून मागे पडणाऱ्या तक्रारी वेगळ्या काढाव्यात

या तक्रारी त्याच रात्रीच्या नाहीत, परंतु त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायच्या आहेत.

लघवीतून रक्त एकदाच दिसले, दुखले नाही आणि दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली, तरी तपासणी टाळू नये. वेदनारहित रक्तस्राव हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते, आणि मधेच थांबून काही आठवड्यांनी पुन्हा दिसणे हा त्याचा स्वभावच असतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ‘गोळीमुळे झाले असेल’ असे म्हणून प्रश्न मिटवू नये आणि ती गोळी परस्पर बंदही करू नये. बीट खाल्ल्याने लघवी लालसर होते आणि क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने ती नारिंगी होते, हे खरे आहे. मात्र शंका असेल तेव्हा लघवीची साधी तपासणीच निर्णय देते.

वृषणात न दुखणारी टणक गाठ लागणे ही तरुणांची तक्रार आहे. वृषणाचा कर्करोग प्रामुख्याने १५ ते ४० या वयोगटात आढळतो आणि वेळेत उपचार झाले तर तो बरा होण्याचे प्रमाण फार चांगले असते. अंडकोशाची सूज मऊ आणि पाणी भरल्यासारखी असेल तर ती बहुधा हायड्रोसील असते. गडचिरोली, चंद्रपूर यांसारख्या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत हत्तीरोगामुळेही ती होते. तरीही टणक की मऊ याचा निर्णय स्वतः न करता सोनोग्राफीवर सोडावा.

वृद्ध माणसाची अंथरुणात लघवी होऊ लागली की घरचे डायपर आणतात आणि विषय मिटतो. माझ्या मते या यादीत सर्वाधिक अन्याय याच तक्रारीवर होतो. पुष्कळदा मूत्राशय कधीच पूर्ण रिकामा होत नसतो, तो काठोकाठ भरलेला असतो आणि झोपेत वरच्यावर सांडत असतो. यात दुखत नाही, परंतु मागे साचणाऱ्या दाबाने मूत्रपिंडे हळूहळू निकामी होऊ शकतात. डायपर आणण्याआधी सोनोग्राफी आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

टप्पा ३: तीन दिवसांची लघवीची नोंदवही

वरील दोन्ही टप्प्यांत न बसणारी, म्हणजे बारीक धार, वारंवार जाणे, घाई होणे, रात्री उठणे अशी तक्रार असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी सलग तीन दिवस नोंद ठेवावी. याला खर्च नाही, आणि हिच्याइतकी माहिती सुरुवातीच्या दुसऱ्या कोणत्याही तपासणीतून मिळत नाही.

तयारी अशी करावी. मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मापाचा मग घ्यावा. तो नसेल तर एक लिटरची रिकामी बाटली वरून कापून, औषधाच्या मापाने पाणी ओतत तिच्यावर दर ५० मिलिलिटरला मार्करने खूण करावी. हा मग न्हाणीघरातच ठेवावा आणि त्याला घरातील दुसऱ्या कोणी हात लावू नये असे सांगून ठेवावे. शाळेच्या वहीच्या पानावर चार रकाने आखावेत: वेळ, लघवी किती झाली, घाई झाली का किंवा थेंब सांडले का, आणि काय व किती प्यायले. चहाचा कप आणि पाण्याचा पेला यांचे माप एकदाच घेऊन वहीच्या वरच्या बाजूला लिहून ठेवावे, म्हणजे नंतर फक्त ‘एक कप’ असे लिहिले तरी चालते.

झोपायला गेल्याची आणि सकाळी उठल्याची वेळ न चुकता लिहावी. नंतरची बेरीज तिच्यावरच अवलंबून असते. रात्री उठून झालेली सर्व लघवी आणि सकाळी उठल्यानंतरची पहिली लघवी मिळून ‘रात्रीची लघवी’ धरली जाते. झोपण्याआधीची शेवटची लघवी दिवसाच्या खात्यात जाते. बहुतेकांची चूक येथेच होते.

एक उदाहरण घेऊ. २४ तासांत एकूण १,८०० मिलिलिटर लघवी झाली आणि त्यांपैकी ८०० रात्रीची होती, तर हे प्रमाण ४४ टक्के झाले. उतारवयात रात्रीची लघवी एकूण लघवीच्या एक-तृतीयांशाहून अधिक असेल, तर मुख्य दोष बहुधा प्रोस्टेटचा नसून रात्री लघवी जास्त तयार होण्याचा असतो. त्याची कारणे पायांवरील सूज, हृदयाची कमजोरी, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणे, किंवा संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी अशी असू शकतात. अशा माणसाने प्रोस्टेटची गोळी वर्षभर घेतली तरी त्याचे उठणे फारसे कमी होत नाही. याउलट रात्री पाच वेळा उठणे आणि दर वेळी जेमतेम ६०-७० मिलिलिटर होणे, हे चित्र मूत्राशयाकडे किंवा अडथळ्याकडे बोट दाखवते. दोघेही ‘रात्री फार उठावे लागते’ हेच वाक्य सांगतात, आणि वही उघडल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळत नाही.

तपासून घ्यावे: नोंदीच्या दिवसांत पाणी मुद्दाम कमी किंवा जास्त पिऊ नये. रोजच्यासारखेच वागावे. तीनांपैकी एक दिवस सुट्टीचा असला तर चित्र अधिक खरे येते.

टप्पा ४: औषधांची खरी यादी आणि सात प्रश्न

सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून सोबत न्यावीत. नाव आठवून सांगण्यापेक्षा पाकीट दाखवणे चांगले, आणि त्या पिशवीत आयुर्वेदिक चूर्ण, ताकदीच्या कॅप्सूल आणि सर्दीच्या गोळ्याही असाव्यात. मधुमेहासाठी हल्ली सर्रास दिल्या जाणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यामुळे लघवीचे प्रमाण वाढते आणि शिश्नाच्या कातडीखाली बुरशीचा संसर्ग होऊन खाज व चिरा पडू शकतात. हे माहीत नसल्याने कित्येक जण मधुमेहाच्या डॉक्टरांपासून ही तक्रार संकोचाने लपवतात.

त्यानंतर आयपीएसएस ही प्रोस्टेटच्या त्रासाला गुण देणारी प्रश्नावली भरावी. गेल्या महिन्यातील त्रासाबद्दल तिच्यात सात प्रश्न असतात: लघवी पूर्ण न झाल्यासारखे वाटणे, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागणे, धार मधेच तुटणे, घाई न आवरणे, धार बारीक असणे, सुरुवातीला जोर करावा लागणे आणि रात्री उठणे. प्रत्येकाला ० ते ५ गुण असतात. बेरीज ७ पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० ते ३५ तीव्र समजतात. प्रश्नावली रुग्णाने स्वतः भरावी, मुलाने अंदाजाने भरू नये. उपचार सुरू झाल्यावर हीच बेरीज पुन्हा काढली की फरक पडला की नाही हे आकड्यात दिसते.

टप्पा ५: कोणाकडे आणि कसे जावे

नेफ्रॉलॉजिस्ट मूत्रपिंडाचे आजार आणि डायलिसिस पाहतात. प्रोस्टेट, मूतखडा, मूत्राशय, वृषण आणि शिश्न यांच्या तक्रारींसाठी युरॉलॉजिस्टकडे जावे. सुरुवात ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी उत्तम, कारण मधुमेह व रक्तदाबाचा इतिहास त्यांना माहीत असतो.

मुलगा किंवा पत्नी सोबत असली तरी दोन-पाच मिनिटे रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे. सत्तरीतला माणूस सुनेसमोर ‘सगळं ठीक आहे’ असेच सांगतो. गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासणे हा नेहमीच्या तपासणीचा भाग आहे. ती मिनिटभरात संपते, थोडी अवघड वाटते, परंतु प्रोस्टेट मऊ आहे की त्यात टणक गाठ आहे हे तिच्यातून कळते. तिच्या भीतीने भेट पुढे ढकलू नये.

टप्पा ६: तपासण्या आणि त्यांतील हमखास चुका

लघवीचा नमुना. भाग स्वच्छ धुऊन, कातडी मागे घेऊन, सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी आणि ती तासाभरात लॅबमध्ये पोहोचवावी. कल्चर, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करायचे असेल तर नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच द्यावा. दोन दिवस गोळ्या घेऊन मग दिलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि ‘संसर्ग नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. लघवीत वारंवार पू-पेशी दिसतात परंतु कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असे होत असेल तर मूत्रमार्गाच्या क्षयरोगाची शक्यता डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावी. पुरुषाला झालेला मूत्रसंसर्ग ‘कोर्स’ करून विसरायचा नसतो, त्याचे कारण शोधावे लागते.

सोनोग्राफी. माझ्या वडिलांना ‘भरपूर पाणी पिऊन या’ एवढेच सांगितले होते. त्यांनी सकाळपासून दोन लिटर पाणी प्यायले आणि नंबर येईपर्यंत अडीच तास खुर्चीत मांड्या आवळून बसून राहिले. आत गेल्यावर आधी भरलेल्या मूत्राशयाचे माप झाले, मग ‘लघवी करून या’ म्हणून पाठवले, तेव्हा बाहेर रांग असलेल्या संडासात घाईघाईत जेवढी झाली तेवढी करून ते परतले. रिपोर्टमध्ये लघवीनंतर उरलेले प्रमाण २१० मिलिलिटर आले आणि शस्त्रक्रियेचा विषय निघाला. पुढच्या आठवड्यात साधारण भरलेल्या मूत्राशयाने आणि निवांत लघवी करू देऊन हेच माप पुन्हा घेतले, तर ते ४० निघाले. वाजवीपेक्षा ताणलेला मूत्राशय नीट आकुंचन पावत नाही, हे साधे कारण त्यामागे होते. म्हणून वेळेच्या तासभर आधी दोन-तीन पेले पाणी प्यावे, नेहमीसारखी भावना झाली की तसे तेथे सांगावे, आणि नंतर पुरेसा वेळ घेऊन लघवी करावी. लघवी नीट झाली नाही असे वाटले तर माप घेण्याआधीच सांगावे.

युरोफ्लोमेट्री. या यंत्रात लघवीच्या धारेचा वेग मोजतात. एकूण लघवी १५० मिलिलिटरपेक्षा कमी झाली तर आकडा भरवशाचा नसतो. वेग सेकंदाला १५ मिलिलिटरपेक्षा अधिक असेल तर तो साधारणतः चांगला समजतात. १० पेक्षा कमी असेल तर अडथळ्याची किंवा मूत्राशय दुबळा झाल्याची शंका घेतात.

पीएसए. येथे सर्वाधिक घबराट होते आणि ती बहुतेक वेळा टाळता येते. ही कर्करोगाची थेट तपासणी नव्हे. प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाचे ते मोजमाप आहे. ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही जुनी, ढोबळ सीमारेषा आहे. वयाने वाढलेले प्रोस्टेट, संसर्ग, लघवी तुंबणे आणि कॅथेटर यांनीही हा आकडा वाढतो. त्यामुळे मूत्रसंसर्ग झाल्यानंतर किंवा नळी घातल्यानंतर साधारण ६ आठवडे थांबावे. तपासणीपूर्वी ४८ तास वीर्यस्खलन आणि सायकलची लांब रपेट टाळावी. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड हे प्रोस्टेट लहान करणारे औषध सहा महिन्यांहून अधिक काळ सुरू असेल तर आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणून ते औषध सुरू असल्याचे सांगितलेच पाहिजे. अन्यथा ३ हा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून सुटतो आणि प्रत्यक्षात तो ६ असतो. आकडा वाढलेला आला तर पहिली पायरी बहुधा काही आठवड्यांनी फेरतपासणीची असते, लगेच बायोप्सीची, म्हणजे तुकडा काढून तपासण्याची, नव्हे.

इशारा: सुरुवातीच्या अवस्थेत प्रोस्टेटच्या कर्करोगाची लक्षणे बहुधा नसतातच. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल, तर लघवीचा त्रास नसला तरी वयाच्या ४५ पासून पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलावे. इतरांनी ते साधारण ५० नंतर करावे.

टप्पा ७: मूतखडा असेल तर

पाठीच्या बाजूपासून जांघेकडे उतरणारी असह्य कळ ही त्याची ओळख. कळ चालू असताना लिटरभर पाणी किंवा बिअर पिऊन खडा ‘ढकलण्याचा’ प्रयत्न करू नये, त्याने वेदना वाढतात. ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे बरेचदा आपोआप पडतात. त्या काळात लघवी गाळणीतून करावी आणि खडा मिळाला तर तो तपासणीसाठी जपून ठेवावा. यातली गंभीर चूक अशी की, दुखणे थांबले म्हणजे खडा पडला असे समजून लोक पुन्हा सोनोग्राफी करत नाहीत. अडकलेला खडा काही काळाने दुखायचा थांबतो आणि मूत्रपिंड मात्र आतून फुगत जाते. खडा पडल्याचे डोळ्यांनी पाहिले नसेल तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला फेरतपासणी चुकवू नये.

टप्पा ८: लैंगिक तक्रारी त्याच भेटीत सांगाव्यात

ताठरता न येणे ही अनेकदा रक्तवाहिन्यांची तक्रार असते आणि हृदयविकाराच्या काही वर्षे आधीही ती दिसू शकते. म्हणून साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि गरजेनुसार सकाळी घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन यांची तपासणी आधी व्हावी, गोळी नंतर. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही ताठरतेची गोळी घेतल्यास रक्तदाब जीवघेण्या पातळीपर्यंत उतरू शकतो. ही गोळी मित्राकडून किंवा मेडिकलमधून परस्पर घेऊ नये.

लघवीच्या शेवटी पांढरट द्रव दिसला की ‘धातू जातो’ या भीतीने तरुण मुले भिंतीवरच्या जाहिरातीतील पत्त्यावर पोहोचतात आणि हजारो रुपये घालवतात. लघवीतील फॉस्फेट क्षारांमुळे ती दुधाळ दिसू शकते आणि त्याने अंगातील ताकद कमी होत नाही. मात्र जळजळीसोबत पिवळसर पू येत असेल तर तो संसर्ग असतो, आणि त्यावर जोडीदारासह उपचार घ्यावे लागतात.

टप्पा ९: औषध सुरू झाल्यावर

टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन या प्रोस्टेटच्या गोळ्यांचा परिणाम काही दिवसांत जाणवतो. सुरुवातीला उभे राहताना चक्कर येऊ शकते. म्हणून रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला अर्धा मिनिट बसावे आणि न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा. वीर्य बाहेर न येणे हाही या गोळ्यांचा परिचित परिणाम आहे, तो घातक नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर ही गोळी घेत असल्याचे, किंवा पूर्वी घेतल्याचेही, नेत्रतज्ज्ञांना आधीच सांगावे, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळ सैल पडू शकते. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड यांचा गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. महिनाभरात ‘फरक नाही’ म्हणून ती बंद करणे ही नेहमीची चूक आहे. घरात गर्भवती स्त्री असेल तर तिने फिनास्टेराइडची तुटलेली गोळी किंवा ड्युटास्टेराइडची गळणारी कॅप्सूल हाताळू नये.

सोबत घरी एवढे करावे: झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी आणि चहा आवरता घ्यावा, परंतु दिवसाचे पाणी तोडू नये. लघवी झाल्यावर एक-दोन मिनिटे थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करावा. पायांवर सूज असेल तर दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून पडावे. कपड्यांवर नंतर थेंब सांडत असतील तर अंडकोशामागील भाग बोटांनी मागून पुढे हलके दाबत आणावा, म्हणजे नलिकेत उरलेली लघवी निघून येते.

फेरभेटीला जाण्याआधी पुन्हा तीन दिवस वही भरावी आणि सात प्रश्नांची नवी बेरीज जुन्या बेरजेशेजारी लिहावी. औषध घेऊनही वारंवार लघवी तुंबणे, वारंवार संसर्ग होणे, रक्त येत राहणे, मूत्राशयात खडे होणे किंवा मूत्रपिंडांवर ताण येणे यांपैकी काही होत असेल, तर शस्त्रक्रियेबद्दल विचारायला संकोच करू नये. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे आणि रेशनकार्ड, आधारकार्ड व सर्व जुने रिपोर्ट त्या दिवशी सोबत न्यावेत.